फ्रोयदिसची घंटा

मार्चमधल्या एका गुरुवारी तो म्हातारा आमच्या बोटघरात आला, तेव्हा मी पाण्याखाली श्वास घ्यायच्या एका रेग्युलेटरचं पोट उघडून बसले होते. मार्च हा आमच्या सुगीचा महिना. पाणी चार-पाच अंशांवर असतं, शेवाळाचा गढूळपणा अजून आलेला नसतो आणि तीस मीटर खालून वर बघितलं तरी बोटीचा तळ स्वच्छ दिसतो. थंड पाण्यात उतरायचा ज्यांना खरा सराव आहे तेच या दिवसांत हेल्लेविकला येतात. बाकीचे इजिप्तला जातात आणि तिथून फोटो पाठवतात.

"तू गुन्वर का? टोर्लाइव्हची मुलगी?" त्याने विचारलं.

"मीच. पण या आठवड्यात बोट भरलेली आहे."

"आधी हे बघ, मग बोटीचं सांग."

त्याने पाठीवरची पिशवी टेबलावर ठेवली. आत लोकरी स्वेटरमध्ये गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. स्वेटर बाजूला झाला आणि एक पितळी घंटा समोर आली. लखलखीत घासलेली, चांगली कलिंगडाएवढी. तिच्या पोटावर अक्षरं कोरलेली होती : फ्रोयदिस, १९११.

माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर मी नीट त्याच्या जागेवर ठेवला. हात मोकळे असलेले बरे, असं वाटलं.

"नाव काय तुमचं?"

"आर्विद. एक्क्याऐंशी साली मी इथे आलो होतो. तुझ्या बाबांनीच मला खाली नेलं होतं." त्याने घंटेवर हात ठेवला. मग म्हणाला, "ही मी घेतली."

फ्रोयदिस ही कोळशावर चालणारी मालवाहू बोट. सत्तेचाळीस सालच्या जानेवारीत, हिमवादळात, आमच्या खाडीच्या तोंडाशी खडकावर आपटून बुडाली. अकरा माणसं गेली आणि त्यांतली सात हेल्लेविकची. ती नक्की कुठे पडली आहे हे एकतीस वर्षं कोणाला ठाऊक नव्हतं. अठ्ठ्याहत्तर साली माझ्या बाबांनी तिला शोधून काढलं. बाबा गोदीत फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी पाण्याखाली. वर आल्यावर ते सूटही न बदलता गावातल्या चार विधवांच्या घरी गेले. चौघींचं म्हणणं एकच होतं, तिथलं काही वर आणू नका. बाबांनी शब्द दिला. तीन वर्षांनी घंटा गायब झाली.

खाली कोण उतरत होतं? बाबा, आणि बाबा ज्यांना नेतील ते. पाहुणे तर आपापल्या गावी निघून गेले, बाबा इथेच राहिले. त्यांना कोणी तोंडावर चोर म्हटलं नाही. आमच्याकडे तशी पद्धतच नाही. दुकानात बाबा शिरले की बोलणं थांबायचं, एवढंच. बोर्गहिल नावाची एक विधवा होती. तिचा नवरा फ्रोयदिसवर आचारी होता. ती मरेपर्यंत, म्हणजे पुढची तेवीस वर्षं, बाबांना बघून रस्ता बदलायची. मी तेव्हा बारा वर्षांची होते. मोठी झाल्यावर मी त्याच जहाजावर लोकांना न्यायचा धंदा काढला आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक पाहुण्याच्या पिशव्या वर आल्यावर तपासल्या. लोक मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

"आज का आणलीत?" मी विचारलं.

"घर विकतोय. मुलगी सामान बांधत होती. तिनं विचारलं, बाबा, ही कोणाची? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, टोर्लाइव्हची." त्याने टोपी काढून हातात घेतली. "मला ती होती तिथे ठेवायची आहे. मी अजून उतरतो. गेल्या वर्षी एकोणीस वेळा उतरलो. डॉक्टरचा कागद आणलाय, बुड्यांच्या नोंदींची वही आणलीय."

"ठेवायचं नंतर बघू. माझे बाबा जिवंत आहेत, ठाऊक आहे ना?"

त्याचा चेहरा उतरला. "नव्हतं ठाऊक."

"शहाऐंशी वर्षांचे आहेत. त्या टेकडीवर पिवळं घर दिसतं ना, तिथे. चला. घंटा तुम्हीच उचला."

चढण खडी आहे. मी मुद्दाम हळू चालले नाही.

बाबा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. आर्विदने घंटा टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. बाबांच्या कानात यंत्र असतं, तरी त्याला दोन वाक्यं पुन्हा मोठ्याने सांगावी लागली. "मी चोरली" हे एकदा हळू आणि एकदा ओरडून सांगणं सोपं नसावं. एक्क्याऐंशीत बाबांनी जहाज दाखवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी एका मित्राबरोबर रबरी होडीतून तो परत गेला होता. दोन बुड्या मारून, करवतीने खिळा कापून त्यांनी ती काढली. मित्र आता हयात नव्हता.

बाबांनी हात पुसले, चष्मा लावला आणि घंटा फिरवून फिरवून पाहिली.

"घासलीस?"

"हो. दर नाताळला."

"गाढवा! तिच्यावर हिरवा थर होता. चौतीस वर्षांत चढलेला. तुला मी दिव्याच्या उजेडात दाखवला होता तो."

"दाखवला होता," आर्विद म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, पण तो रडला नाही.

"बोर्गहिल गेली," बाबा म्हणाले. "वीस वर्षं होतील. तिच्या डोक्यात शेवटपर्यंत मीच होतो. ते आता मिटवता येत नाही. तुला नाही आणि मलाही नाही." हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. मग विचारलं, "वाजवलीस कधी?"

"कधीच नाही. लोलक बांधून ठेवला होता."

"मग त्रेचाळीस वर्षं तुला तिचा उपयोग तरी काय झाला रे?"

मी म्हटलं, "बाबा, हे खाली जाऊन ती परत लावायची म्हणतात. मी म्हणते, संग्रहालयाला देऊन टाकू."

"संग्रहालयाला कोणी शब्द दिला होता?" बाबा म्हणाले. "मी त्या बायकांना दिला होता. लावायची. आणि यानेच लावायची, तू नाही. त्यासाठी खिळा लागेल. बावीस मिलिमीटरचा, एका टोकाला आटे. या पाजी माणसाने जुना कापला ना."

"मोजलं होतंस?" मी विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर साली."

आर्विदने घंटेच्या कडीचं भोक मोजपट्टीने मोजलं. बावीसच होतं. बाबा बटाटे तसेच टाकून तळघरातल्या लेथकडे गेले. जाता जाता ओरडले, "आणि यार्लेला सांगायचं! बोटीवर पाय ठेवायच्या आधी!"

यार्ले माझी बोट चालवतो. तो बोर्गहिलचा नातू. आम्ही चौदा वर्षं एकत्र काम करतोय आणि या विषयावर एक शब्द कधी बोललेलो नाही. आर्विदने धक्क्यावर उभं राहून त्याला सांगितलं. यार्लेने ऐकून घेतलं, इंजिनाचं तेल तपासलं, पुन्हा तपासलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "याला बोटीवर घ्यायचं म्हणतेस?"

"हो."

"मध्येच पाण्यात ढकलला तर?"

"पाण्यातच तर जायचंय त्याला. सूट घातल्यावर ढकल."

यार्ले हसला नाही, पण शनिवारी सकाळी सातला, पाहुणे यायच्या आधी, त्याने बोट तयार ठेवली.

शुक्रवारी मी आर्विदला धक्क्याजवळ आठ मीटरवर नेऊन पारखलं. माणूस जुना होता, पण कच्चा नव्हता. श्वास संथ, पाय स्थिर, तळाची माती जरासुद्धा उडवत नव्हता. एकच गोष्ट खटकली. पाठीवरच्या टाकीची उजवी झडप फिरवताना त्याचा हात पोचायला वेळ लागत होता. वर आल्यावर मी विचारलं तर म्हणाला, "खांदा. थोडा अवघडतो." मी ते मनात ठेवलं. मी त्याच्या उजव्या बाजूला राहणार, असं ठरलं.

बाकीचं त्याला दोनदा सांगितलं. घंटा यार्ले दोराने खाली सोडेल. तिथून तिच्या चबुतऱ्यापर्यंत दहा मीटर. हवेची पिशवी बांधून तिला तरंगत न्यायचं. पिशवीत हवा मी भरणार, वेगळ्या छोट्या टाकीतून. "तुमच्या तोंडातल्या रेग्युलेटरने भरायची नाही. या पाण्यात तो एका क्षणात गोठेल, उघडाच राहील आणि सगळी हवा वाहून जाईल."

"गुन्वर, मी हे चाळीस वर्षं करतोय."

"ठाऊक आहे. म्हणूनच दोनदा सांगितलं."

शनिवारी वारा नव्हता. चेहऱ्याचा जो एवढासा भाग उघडा राहतो तिथे पाणी आधी सुईसारखं टोचतं आणि मग बधिर करतं. दोर धरून आम्ही उतरलो. पंधरा मीटरवर नाळ, म्हणजे तिचं पुढचं टोक, दिसलं, मग डेक, मग सगळी फ्रोयदिस, काळ्या उतारावर सरळ बसलेली. मी तिला हजारएक वेळा पाहिलं असेल. तरी त्या निळसर उजेडात ती पहिल्यांदा दिसते तेव्हा मी अजून दोन श्वास थांबते. आर्विदही थांबला.

घंटा जाळीत, डेकवर नीट येऊन टेकली होती. मी पिशवी बांधली, छोट्या टाकीतून हवा सोडली. घंटा हातभर उचलली गेली आणि आम्ही तिला दोन्हीकडून धरून निघालो. सात मीटर गेलो. शेवटचे तीन राहिले, तेव्हा ती एका दोरखंडाच्या तुकड्यात अडकली आणि एका बाजूला झुकली. पिशवीतली थोडी हवा निसटली. मी दोरखंड सोडवायला खाली वाकले.

तेवढ्यात चाळीस वर्षांची सवय त्याच्या डोक्याआधी हातात आली. त्याने तोंडातला रेग्युलेटर काढला, पिशवीखाली धरला आणि कळ दाबली.

रेग्युलेटर गोठला. पाण्याखाली तो आवाज एखादा मोठा नळ फुटल्यासारखा येतो. हवा थांबायचं नाव घेईना. आर्विद पांढऱ्या बुडबुड्यांत दिसेनासा झाला. मी घंटा सोडली आणि त्या बुडबुड्यांत शिरले. त्याने एक गोष्ट बरोबर केली होती. गळ्यातल्या पट्ट्यातला दुसरा रेग्युलेटर केव्हाच तोंडात धरला होता. उजवा हात मागे झडपेकडे जात होता आणि पोचत नव्हता. मी त्याचा हात बाजूला केला, झडप धरली आणि फिरवली. चार वेढे, पाच, सहा. आवाज थांबला. बुडबुडे वर निघून गेले आणि आम्ही एकमेकांसमोर होतो.

मी बोटांचं गोल करून विचारलं, ठीक? त्याने तोच गोल करून दाखवला.  काट्यावर पाहिलं, हवा भरपूर होती. घंटेचा चबुतरा तीन मीटरवर होता. मला कापलेल्या खिळ्याचं टोक दिसत होतं.

त्याने चबुतऱ्याकडे बोट दाखवलं. मग दोन बोटं, दोन मिनिटं.

मी अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ 'ठीक' नाही, 'वर चला'. थंड पाण्यात एक रेग्युलेटर बंद पडला की दुसऱ्याच्या भरवशावर काम करत बसायचं नाही. मी ते आठशे लोकांना तरी शिकवलंय. हवा आहे, वेळ आहे, काम जवळच आहे, हे सगळं खरं असतं. वर न आलेल्या लोकांच्या बाबतीतही ते खरंच होतं.

त्याने घंटेकडे पाहिलं, बराच वेळ. निदान मला तो बराच वाटला. मग त्यानेही अंगठा वर केला आणि घंटा आपल्या हाताने कठड्याला पक्की बांधली. खोलातून एकदम वर यायचं नसतं, म्हणून सहा मीटरवर आम्ही चौदा मिनिटं दोर धरून लटकलो. आता शरीराला गारवा चावत होता, त्याचा जबडा थडथडत होता, पण तो तसूभर वर-खाली झाला नाही.

बोटीवर टोपडं काढताच तो म्हणाला, "तू दोनदा सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं."

"ओरड ना मग."

"कशाला? तुम्ही वर आलात ना." आणि ते खरंच होतं. या माणसावर मी गुरुवारपासून चिडलेली होते, अजूनही होते. पण त्याच्याबरोबर पुन्हा उतरायला माझी आता काही हरकत नव्हती.

यार्लेने त्याच्या हातात कॉफीचा मग दिला. दोन चमचे साखर न विचारता घातलेली होती. यार्लेच्या हातची साखर म्हणजे मोठी गोष्ट.

रविवारी नैर्ऋत्येचा वारा सुटला, जाता आलं नाही. सोमवारी समुद्र बसला आणि सकाळी धक्क्यावर बाबा हजर. जुना लोकरी कोट, कानटोपी, हातात काठी.

"बाबा, तू कुठे?"

"बोटीवर. खिळा नीट बसतो की नाही ते बघायला."

"तुला वरून काय दिसणार आहे?"

"तुम्ही वर आल्यावर तुमची तोंडं दिसतील. तेवढ्यावरून कळतं."

यार्लेने त्यांना हात देऊन चढवलं आणि सुकाणूच्या खोलीत, हीटरजवळ बसवलं. पुढे काय झालं ते मी सूट चढवता चढवता उघड्या दारातून ऐकलं.

यार्लेने हीटर जरा वाढवला. मग म्हणाला, "टोर्लाइव्ह, आमच्या घरात तुमच्याबद्दल जे बोलायचे, ते मीही बोललोय. पुष्कळदा."

"माहीत आहे."

"आजी असती तर तिला घेऊन आलो असतो तुमच्याकडे. आता मी एकटाच आहे सांगायला. चुकलो."

"तू शाळेत असताना माझ्या सायकलची हवा सोडलीस. दोन्ही चाकांची."

यार्ले लाल झाला. "तुम्हाला कळलं होतं?"

"अरे, मी पाणबुड्या. हवा कुठे गेली आणि कोणी सोडली हे मला कळणार नाही?"

यार्ले इतका मोठ्याने हसला की मागे बसलेला आर्विद दचकला. मग तो नाक शिंकरायच्या निमित्ताने बाहेर आला आणि दोराशी खूप वेळ काहीतरी करत राहिला. मी तिकडे पाहिलं नाही.

या वेळी खाली काहीच बिघडलं नाही. पिशवीत हवा मी भरली, आर्विदने हात पाठीमागे बांधल्यासारखे लांब ठेवले. घंटा चबुतऱ्यावर आली. त्याने जाळी काढली, कडी भोकांसमोर आणली आणि खिळा घातला. तो एका ढकलण्यात आत गेला, जसा काही तिथूनच काढला होता. चार बोटांच्या जाड हातमोज्यांत आट्यांवर नट चढवणं म्हणजे शिक्षाच. तो दोनदा निसटला, दोनदा त्याने तो डेकवरून उचलला. मी मदतीला हात पुढे केला नाही. तिसऱ्या वेळी बसला. पान्याने आवळून झाल्यावर त्याने दोन्ही हात घंटेवर ठेवले आणि डोकं खाली केलं. त्या अकरा जणांना तो काय म्हणाला ते मला ठाऊक नाही. मी माझ्यापुरतं बाबांचं नाव घेतलं.

वर आलो तेव्हा बाबा कठड्याला धरून उभे होते. त्यांनी आमच्या तोंडांकडे एकदा पाहिलं आणि परत आत जाऊन बसले.

"विचारणार नाहीस का?" मी म्हटलं.

"बसला की नाही? बसला. मग काय विचारू?" आणि मग आर्विदकडे वळून, "मागच्या डोलकाठीचं काय झालं? उभी आहे अजून?"

"पडली आहे. डाव्या बाजूला."

"डाव्या? उजव्या बाजूला झुकली होती ती."

"मी आत्ता बघून आलो, टोर्लाइव्ह."

"तू घंटा घासणारा माणूस. तुझ्या डोळ्यांवर मी काय विश्वास ठेवू?"

मी त्या दोघांना तिथेच सोडलं. धक्का येईपर्यंत त्यांचं भांडण डोलकाठीवरून बॉयलरवर आणि बॉयलरवरून कोळशाच्या कोठारापर्यंत गेलं होतं. यार्ले मधून मधून "मला तरी काय ठाऊक" असं म्हणत दोघांनाही पेटवत होता. उतरताना बाबा म्हणाले, घरी माशाच्या वड्या आहेत, चौघांना पुरतील. यार्ले म्हणाला, तो बायकोला फोन करून येतो. आर्विद माझ्याकडे बघत उभा राहिला.

"जा," मी म्हटलं. "बोलावलंय त्यांनी. माझ्या मनात अजून राग आहे, तो माझा मी बघेन. आणि उद्या दुपारी दुकानात जाऊन सगळ्यांना सांगायचं. माझ्यासमोर."

"सांगतो," तो म्हणाला. आणि त्याने सांगितलं, मंगळवारी, गर्दीच्या वेळी, ब्रेडच्या कपाटापाशी उभं राहून, मोठ्या आवाजात.

पण त्या संध्याकाळी ते तिघं टेकडी चढत होते आणि बाबा सगळ्यांत पुढे होते. मी बोटघरात जाऊन गोठलेला तो रेग्युलेटर उघडला, वाळवला, टाक्या भरायला लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सहा डॅनिश पाणबुडे येणार होते, आणि त्यांच्यातल्या दोघांनी वहीत लिहिलेला अनुभव मला जरा जास्तच वाटत होता.